दगड दगडाला खातो

"रिकामी चाललीय! हौसा, अगं ए, गिरणी रिकामी चाललीय!"

पडवीतल्या बाजेवरनं मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. पण गिरणीच्या आवाजात माझं कोण ऐकतंय? धान्य पोटात असलं की गिरणी कशी भरल्या गळ्यानं घरघरते. वरचं धान्य संपलं आणि कुणी बटण दाबलं नाही, तर तोच आवाज पातळ होत होत किंचाळायला लागतो. ज्याला गिरणीतलं कळत नाही त्याला त्यात काहीच वाटत नाही. पण मी चाळीस वर्षं त्याच आवाजात जेवलो-झोपलो होतो. मधे दाणा नसला की वरचा दगड खालच्या दगडावर घासतो. दगड दगडाला खातो. पुढच्या माणसाच्या पिठात कचकच येते, आणि तो भाकरीच्या पहिल्या घासाला गिरणीवाल्याच्या सात पिढ्या उद्धारतो.

मी पुन्हा ओरडलो. किंचाळणं काही थांबेना. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठलो, पायात चपला न घालता पडवी उतरलो, बोळ ओलांडला, देवळाच्या ओट्याला वळसा घातला आणि गिरणीत शिरून खाडकन बटण बंद केलं.

सगळं शांत झालं. पिठाचा धुरळा तेवढा खाली बसत होता. हौसा, म्हणजे माझी बायको, पीठ पडतं त्या तोंडापाशी बुटक्या स्टुलावर बसलेली होती. एक हात भिंतीला टेकलेला. आणि माझ्याकडे बघत होती, चोरी सापडल्यासारखी.

"अक्कल काय पिठात मिसळलीस काय?" मी म्हणलं. "हाताच्या अंतरावर बटण, आणि बसून राहिलीस? दगड गेला की माझा! चाळीस वर्षांत मी एकदा रिकामी चालू दिली न्हाई."

डबा घेऊन उभ्या असलेल्या शकुताई, आमच्या गल्लीतल्या रिटायर बाई, त्याच बोलल्या.

"अण्णा, अहो, तुम्ही पळत आलात!"

"मग काय करू? लोळत येऊ?"

"तसं नव्हे. तुमचा गुडघा..."

झालं! त्यांनी गुडघा म्हणायचा अवकाश, उजव्या गुडघ्यात अशी कळ उठली की मी तिथंच पोत्यावर बसकण मारली. एकशे चाळीस पावलं! एकशे चाळीस पावलं मी अनवाणी पळालो होतो. शेजारी मोबाईल दुरुस्त करणारा रणजित धावत आला, आणि मला मोटारसायकलवर मागं बसवून एकशे चाळीस पावलांवरच्या घरी सोडून आला. गल्लीतली पोरं हसत होती. हसू देत. त्यांच्या गुडघ्यात अजून गादी आहे.

ह्या गोष्टीला आता तेरा वर्षं होतील. मी तेव्हा एकसष्टचा होतो. एकशे चाळीस पावलं कशी मोजली म्हणाल, तर त्या दिवसांत मी सगळीच पावलं मोजत होतो. बाजेपासून न्हाणीपर्यंत सतरा. न्हाणीपासून देव्हाऱ्यापर्यंत अकरा. म्हणून देवाला मी बाजेवरनंच हात जोडायचो, देव काही लांबनं हात जोडले म्हणून रुसत नाही.

ह्याची सुरुवात झाली चौदा महिने आधी. गुडघा दुखायला लागला म्हणून साताऱ्याला दाखवायला गेलो. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडाच्या पेटीवर लावला आणि पेनाच्या टोकानं दाखवून म्हणाले, "काका, इथली गादी झिजलीय. हाडाला हाड घासायला लागलंय."

पुढं ते पुष्कळ बोलले. वजन म्हणाले, व्यायाम म्हणाले, गोळ्यांचं नाव लिहून दिलं. पण माझे कान तिथंच थांबले होते. हाडाला हाड. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझा जन्म त्यात गेला होता. मधला दाणा संपलाय आणि गिरणी चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. मग शहाणा माणूस काय करतो? बटण बंद करतो.

मी बंद केलं.

दुसऱ्या दिवसापासून गिरणी हौसाकडे. माझा चहा बाजेवर, जेवण बाजेवर, अंघोळीचं पाणी तेवढं न्हाणीत. एकेक पाऊल मी जपून ठेवत होतो. आणि गंमत बघा, जेवढा जपावा तेवढा गुडघा जास्तच दुखायचा. पहिल्यांदा जिना चढताना दुखायचा, मग सपाटीवर, मग नुसता कूस बदलली तरी. मी म्हणायचो, बघा, झीज वाढतेय, अजून जपायला पाहिजे.

त्यात येणारे-जाणारे! गुडघा दुखतोय असं गावात कळलं की निम्मं गाव वैद्य होतं. एकानं निर्गुडीचा पाला आणून दिला. एकानं भिजवलेल्या मेथ्या सांगितल्या. आमचा चुलतभाऊ तर एरंडाच्या पानांचा भाराच टाकून गेला, जणू घरात बकरी बांधलीय. जो औषध सांगायचा त्याचा मला राग यायचा, आणि जो सांगायचा नाही त्याचा जास्त राग यायचा, की बघा, माणूस मरायला टेकलाय आणि ह्याला त्याचं काही नाही. फोटोचं ते मोठं पाकीट मी उशाला ठेवलेलं होतं. कुणी आलं की बाहेर काढायचो, दाराच्या उजेडात धरायचो आणि पेनाच्या टोकानं दाखवायचो. "ही बघा फट. जवळजवळ संपली." पाहुणे च् च् करायचे. पेठेतल्या प्रत्येक घराला माझा गुडघा आतनं माहीत होता. हौसाला तेवढा कधी दाखवला नाही. तिला त्यातलं काय कळणार!

आणि ती काही विचारायचीही नाही. सकाळी पाचला उठायची. उठल्यावर जरा वेळ खाटेच्या कडेला बसून राहायची, मग भिंतीला धरून स्वयंपाकघरात जायची. मला वाटायचं, झोप पुरली नाही वाटतं. स्वयंपाक करून नऊला गिरणी उघडायची, दुपारी येऊन मला वाढायची, परत जायची. मी कण्हलो की म्हणायची, "जरा उठून बोळाच्या तोंडापर्यंत जाऊन या की."

"तुझं काय जातंय बोलायला! तुझे गुडघे धड हायेत, म्हणून तुला कळत न्हाई."

यावर ती गप्प बसायची. आणि तिच्या गप्प बसण्याचा मला आणखी राग यायचा.

तर गिरणी रिकामी चालली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं एका डॉक्टरीणबाईला घरी आणलं. तब्बसुम मुलाणी म्हणून. सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकवायला नव्या आल्या होत्या, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. आल्या त्या "मावशी, पाणी द्या हो" म्हणत सरळ स्वयंपाकघरात डोकावल्या. मला वाटलं, गिरणीत दळण टाकत असतील, तिथली ओळख.

मी रिवाजाप्रमाणे पाकीट काढलं. त्यांनी फोटो बघितला आणि परत पाकिटात घातला. च् च् नाही, काही नाही.

"काका, काल पळालात म्हणे."

"पळालो. आणि भोगतोय."

"पळताना दुखलं?"

"पळताना कोण बघत बसतंय?"

"मग दुखलं कधी?"

मी आठवून बघितलं आणि खरं तेच तोंडातनं निघून गेलं. "शकुताईंनी गुडघ्याचं नाव काढल्यावर."

बाई हसल्या. मला अशी चीड आली म्हणता! मी म्हणलं, "म्हणजे मी सोंग करतोय?"

"छे हो! दुखणं शंभर टक्के खरंय. पण दुखणं आणि बिघडणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुडघा चालवला की त्याला आतून वंगण मिळतं. मांडीचे स्नायू भार उचलतात. तुम्ही चौदा महिने बसलात, ते स्नायू वाळले. म्हणून आता कूस बदलली तरी दुखतं."

"बाई, तुम्ही गिरणी बघितलीय का कधी?" मी उठून बसलो. "मधला दाणा संपल्यावर दगड फिरवत ठेवला तर काय होतं, माहितीय? दगड दगडाला खातो. माझ्या गुडघ्यातला दाणा संपलाय. हा फोटो हाय. आता तुम्ही म्हणता, फिरवत राहा. ही कसली डॉक्टरकी?"

"फोटोत जेवढं दिसतं तेवढंच दुखतं असं नसतं, काका. काहींच्या फोटोत तुमच्या दुप्पट झीज असते, आणि ती माणसं दिवसभर उभ्यानं काम करतात."

"असा एक माणूस दाखवा मला. एक!"

बाईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथं हौसा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं मान हलवली की नाही, कोण जाणे. बाई उठल्या, एका कागदावर चार व्यायाम लिहून दिले आणि म्हणाल्या, "भेटेल एखादा." कागद मी पाकिटात घातला. तिथंच तो राहिला.

त्या संध्याकाळी मी निकाल लावून टाकला. गिरणी बंद करायची. रणजित बरेच दिवस मागं लागला होता, त्याला दुकान मोठं करायला आमची जागा पाहिजे होती. मी त्याला बोलावून शब्द दिला, खंडेनवमीला शेवटची पूजा होईल, दसऱ्याला चावी घेऊन जा. तो खुशीत गेला. हौसा भाकऱ्या थापत होती. थापणं थांबलं.

"मला विचारलंत?"

"काय विचारायचं? तुझ्यानं होतंय का? कालच दगडाची वाट लावलीस."

"एकदा झालं."

"एकदाच होतं, मग गिऱ्हाईक तुटतं. आणि कशासाठी मरमर करायची? पोरगा पुण्याला, त्याला गिरणी नको. तू पण बस आता घरात."

तिनं तव्यावरची भाकरी उलथली. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "मी बसले तर मी परत उठायची न्हाई. एवढं ध्यानात ठेवा."

"म्हणजे?"

"म्हणजे दोन बाजा टाका पडवीत. शेजारीशेजारी झोपू, आणि चहा आणायला रणजितला सांगू."

मी म्हणलं, बायकांचं हे असंच. गिरणीवर बसून चार बायकांशी गप्पा मारायला मिळतात, त्या बंद होणार म्हणून फुगलीय. आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. "जेवा." "गोळी घ्या." "पाणी काढलंय." बस्स. मी पण हट्टाला पेटलो. घर माझं, गिरणी माझी, गुडघा माझा.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. आमच्यात त्या दिवशी हत्याराची पूजा असते. शेतकऱ्याची औतं, सुताराची करवत, तशी आमची गिरणी. पूजा झाली की त्या दिवशी तिला हात लावायचा नाही. शेवटची पूजा म्हणून मीही जायचं ठरवलं. रणजितनं मोटारसायकल आणली, प्लास्टिकची खुर्ची आधीच नेऊन दारापाशी ठेवली होती. मी बजावून सांगितलं होतं, खाली बसणार नाही, खुर्चीवरनंच हळद-कुंकू वाहीन, देवाला कळतं.

हौसानं पहाटेच येऊन गिरणी पुसून काढली होती. मोटर, पट्टा, दगडावरचं झाकण, सगळं लख्ख. कुठं पिठाचा कण नाही. कोपऱ्यात टाकी ठेवलेली, म्हणजे गुळगुळीत झालेल्या दगडाला टाचे मारून खरबरीत करायची छोटी हातोडी. तिलाही तिनं हळदीची बोटं लावली होती. चौदा महिने ती टाकी माझ्या हातात नव्हती. दगडाला टाचे मारायला ती कराडहून एक माणूस बोलवायची. मला तिथं बसून कसंतरीच व्हायला लागलं, आणि कसंतरी व्हायला लागलं की मला राग येतो. मी म्हणलं, "आवर लवकर. दिवसभर बसवून ठेवणार हायेस का मला?"

ती दारात रांगोळी घालत होती. रांगोळी म्हणजे हातानं नव्हे, तिचा एक छापा होता. जाड काळसर पत्र्यासारखा प्लास्टिकचा, त्याला बारीक भोकं पाडून मोर काढलेला. जमिनीवर ठेवायचा, वरनं रांगोळी पसरायची, हात फिरवायचा, उचलला की खाली मोर. गेली तीन वर्षं आमच्या दारात, गिरणीच्या दारात तोच मोर यायचा. तिनं छापा उचलून भिंतीला टेकवला, उठताना उंबऱ्याला धरलं, आणि नारळ आणायला आत गेली.

वाऱ्यानं छापा घसरला आणि माझ्या पायाशी येऊन पडला. पुन्हा उडून मोरावर पडला असता तर रांगोळी मोडली असती आणि पुन्हा अर्धा तास गेला असता. मी वैतागून वाकलो, उचलला आणि धूळ झटकायला उजेडात धरला.

आधी दिसला मोर, नुसता उजेडाच्या ठिपक्यांचा. मग मोराच्या मागचं दिसलं.

दोन हाडं होती.

चौदा महिन्यांत दुसरं काही नाही तरी गुडघ्याचा फोटो वाचायला मी शिकलो होतो. वरचं मांडीचं हाड, खालचं नडगीचं, मधे फट. मी फट शोधायला लागलो. मोराच्या मानेपासून पिसाऱ्यापर्यंत शोधली. फट नव्हतीच. एका बाजूला हाड सरळ हाडावर बसलेलं होतं, आणि कडेला बाभळीसारखे काटे फुटलेले. माझ्या फोटोत असलं काही नव्हतं. कोपऱ्यात इंग्रजीत नाव होतं. इंग्रजी मला नाव वाचण्यापुरतं येतं. हौसाबाई शिवराम ढाणे. वय पंचावन्न. खालची तारीख माझ्या फोटोच्या दोन वर्षं आधीची.

नारळ घेऊन ती बाहेर आली. माझ्या हातात छापा बघून थबकली.

"हे काय हाय?" मी विचारलं.

"छापा."

"छापा मला दिसतोय. गुडघा कुणाचा?"

"नाव हाय की त्यावर."

"हौसा!"

"ओरडू नका. सणाचा दिवस हाय." तिनं नारळ पाटावर ठेवला. "माझाच हाय. भाचीच्या लग्नाला नाशिकला गेल्तो, तिथनं आल्यावर फार दुखायला लागला म्हणून शकुताईसंगं जाऊन काढून आणला. डॉक्टर म्हणाले, हाडाला हाड घासतंय."

"आणि तू काय केलंस?"

"काय करणार? घासतंय तर घासतंय, म्हणलं. घरी आल्यावर तापलेल्या सुईनं भोकं पाडली. प्लास्टिक चांगलं होतं."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी तिला विचारलं, "दुखतं?"

"दुखतं की. सकाळी उठल्यावर पहिला अर्धा तास तर जीव नको होतो. मग हलायला लागलं की सैल पडतो. पहिल्यांदा मी पण घाबरले होते. ह्या मुलाणीबाई आल्यापास्नं त्यांच्याकडं जाते. त्या म्हणाल्या, मावशी, दुखतंय म्हणजे बिघडतंय असं न्हवे. मी तेवढंच धरलं. दुखलं तर दुखू दे, आपण मोडत न्हाई. दुपारी गिऱ्हाईक नसलं की स्टुलावर बसून पाय सरळ करते, दहादा इकडचा, दहादा तिकडचा."

"अगं पण दगड दगडाला..."

"अहो, काय सारखा दगड दगड!" आता तिचाही आवाज चढला. "दगड जेवतो का? दगडाला झोप लागते का? दगडाचं खरचटलेलं भरून येतं का कधी? चाळीस वर्षं गिरणीत काढली म्हणून माणसाची गिरणी होत न्हाई!"

देवळाच्या ओट्यावरचे दोघेतिघे वळून बघायला लागले. मी आवाज खाली आणला. एक गोष्ट माझ्या डोक्यात आता कुठं वर यायला लागली होती, आणि ती विचारू नये असं मला वाटत होतं. तरी विचारली.

"त्या दिवशी गिरणी रिकामी चालली तेव्हा..."

"गुडघा धरला होता." ती कुंकवाचा करंडा उघडत म्हणाली. "कधीमधी धरतो. दोन मिनटं थांबलं की सुटतो. त्या दोन मिनटांत शकुताईंचं दळण संपलं. बटण दिसत होतं. हात पोचत न्हवता."

"मग सांगायचं न्हाई?"

"कधी सांगू? तुम्ही माझी अक्कल काढत होतात."

चौदा महिने माझा चहा ह्या गुडघ्यावरनं येत होता. अंघोळीचं पाणी ह्या गुडघ्यावरनं. वीस-वीस किलोचे डबे उचलून वर ओतले जात होते ते ह्याच गुडघ्यावर. आणि मी बाजेवरनं सांगत होतो, तुझे गुडघे धड हायेत. लाज वाटली. खोटं कशाला सांगू, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात रणजित आला. गळ्यात मोजमापाची टेप. "अण्णा, उद्या चावी किती वाजता घेऊ? सुताराला सांगायचंय."

"चावी न्हाई मिळायची."

"आँ? अहो, शब्द दिलाय तुम्ही!"

"दिला होता. चूक झाली माझी. पाय धरतो तुझे, वाकता आलं की."

"अण्णा, काउंटर बनवायला टाकलंय मी! अकरा फुटी!"

"मग दुकानाची मागची भिंत पाड. मला सांगू नको. आधीच माझं डोकं ठिकाणावर न्हाई."

तो हौसाकडे बघायला लागला. हौसा माझ्याकडे. मी खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि उठलो.

"थांबा, गाडी काढतो," रणजित रागातच म्हणाला. पोरगा वाईट नव्हता.

"नको."

मी चालायला लागलो. मोजत. दहाव्या पावलाला दुखायला लागलं. चाळिसाव्याला चांगलंच दुखत होतं, मनात आलं, गेला गुडघा, घासला. देवळाच्या ओट्याला हात टेकून उभा राहिलो. मग हौसाची ती उजेडातली हाडं आठवली आणि पुढं निघालो. शंभराव्याला चाळिसाव्याइतकंच दुखत होतं. मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो, वाढतंय का. एकशे चाळिसाव्याला पडवीचा खांब धरला तेव्हाही तेवढंच. कमी झालं नव्हतं. पण वाढलंही नव्हतं. चौदा महिने मला ही एवढीशी गोष्ट माहीत नव्हती, कारण दुखायला लागल्यावर चाळिसाच्या पुढं मी कधी गेलोच नव्हतो.

उशाचं पाकीट घेतलं आणि तसाच परत निघालो. येताना मोजलं नाही. शकुताई डबा न घेता, नुसत्या पूजेला आल्या होत्या. मला चालत येताना बघून तोंड उघडायला गेल्या. मी म्हणलं, "बाई, तुमच्या पाया पडतो, आज गुडघ्याचं नाव काढू नका." त्यांनी तोंड मिटलं.

हौसा पूजेच्या ताटात फुलं मांडत होती. मी पाकीट तिच्यापुढं धरलं.

"हे घे. ह्याचा पण छापा कर."

"कशाचा?"

"कशाचा पण कर. कमळ कर, वेल कर. माझ्या उशाला नको."

तिनं पदराला हात पुसले. फोटो बाहेर काढला आणि दारातल्या उन्हाकडे धरला. डोळे बारीक केले. वरनं खाली बघितला, मग जवळ घेऊन बघितला, मग पुन्हा लांब धरला. माझं सगळं आयुष्य मी पेठेला तो फोटो दाखवत होतो असं मला वाटायला लागलं, आणि दाखवायचा होता तो हिला.

"ही फट का?" तिनं बोट ठेवलं.

"हां."

"अहो, ह्यात तर ज्वारीचा अख्खा दाणा मावंल की!"

मी पाकिटात डोकावलो.

"आणि एवढ्यासाठी चौदा महिने मला चहा आणायला लावलात?"

शकुताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. रणजितसुद्धा. हौसा मात्र हसली नाही. तिनं फोटो नीट पाकिटात घातला, गिरणीवरच्या फळीवर ठेवला, खुर्ची उचलून बाहेर काढली आणि तिच्या जागी पाट मांडला.

"बसा," ती म्हणाली. "खाली बसायचंय. आणि उठताना मला हाक मारू नका, मला पण उठायचं असतं."

मी मोटरीच्या पायाला धरून पाटावर बसलो. बसताना दुखलं. तिनं माझ्या हातात हळदीची वाटी दिली, आणि स्वतःही भिंतीला धरून सावकाश माझ्या शेजारी बसली.